चढावर लावलेल्या गाड्या

लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. कंपन्या काम देतात आणि मी घरोघरी जाऊन विचारते, बिस्किटं कुठली खाता, तीच का खाता, आणि घरात कोणी बघत नसतं तेव्हाही तीच खाता का. भोपाळमध्ये हे करता करता अर्धं आयुष्य गेलं आणि एक खोड कायमची लागली. कुठे काही जुळत नाहीसं दिसलं, की मला चैन पडत नाही. लग्नाला गेलं तरी लोक आधी कुठल्या टेबलाकडे वळतात, तेच मी बघत राहते. आई कोपराने ढोसते आणि म्हणते, आधी जेव तू.

बाबांच्या रविवारच्या चहाचं मला असंच कोडं पडलं होतं. बाबा आणि त्यांचे मित्र, सगळे सत्तरीच्या पुढे-मागे, दर रविवारी सकाळी आपापल्या मोटरसायकली काढतात. गाड्या सगळ्यांच्या एकाच कंपनीच्या. जुनं नाव, जुनं वळण, गोल दिवा, लोखंडी अंग आणि गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळावं असा आवाज. या गाड्यांवरून ते भदभद्याचा पूल ओलांडून केरव्याच्या रस्त्याला जातात आणि तिथल्या एका टपरीवर चहा पितात. बाबाच सांगतात, चहा म्हणजे गरम पाणीच. पोहे गार. जिलेबी संपलेली असते किंवा सुरूच झालेली नसते. आईबाबा राहतात त्या कोटरा सुल्तानाबादपासून तिथे पोचेपर्यंत वाटेत चांगल्या चार टपऱ्या लागतात. एकीवर तर पोह्यांवर जीरावन मसाला आणि शेव इतकी सढळ हाताने घालतात, की पोहे शोधून खावे लागतात. ते सगळं सोडून ही मंडळी पुढे जातात.

मी एकदा विचारलं, तिथेच का? बाबा म्हणाले, मोकळी हवा आहे. त्यांचे मित्र सुभेदारसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, म्हणाले, "व्यू अच्छा है, बेटा." मी जाऊन बघितलं नव्हतं, पण तो रस्ता मला माहीत होता. टपरीसमोर एका मॅरेज गार्डनची अर्धवट भिंत आहे आणि विटांचा ढीग. सुभेदारसाहेबांनी आयुष्यभर डोंगर पाहिलेत. त्यांना विटांचा ढीग कशाला आवडेल?

मागच्या हिवाळ्यात नेमकं त्याच मोटरसायकल कंपनीचं काम माझ्याकडे आलं.

फोनवर बोलणारा साहेब स्पष्ट होता. म्हणाला, नाव मोठं आहे, इतिहास मोठा आहे, सगळं खरं, पण आमचं गिऱ्हाईक दर वर्षी एका वर्षाने म्हातारं होतंय आणि त्याच्यामागे रांगेत कोणी उभं नाही. ज्यांनी तरुणपणी ही गाडी घेतली तेच अजून घेतात किंवा जुनीच दुरुस्त करून चालवतात. मुलं फोटो काढतात, आवाज रेकॉर्ड करतात आणि दुसऱ्याच कंपनीची गाडी घेतात. म्हणून कंपनीत एक नवी गाडी कागदावर आखली होती. रूप तेच, आवाज तोच, पण अंगाने बरीच हलकी आणि बसायला खाली. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की तरुण तिच्याकडे येतील का आणि जुने तिला आपली म्हणतील का. जुन्यांनी नाक मुरडलं तर पैसे घालायचे नाहीत, कारण आज दुकान त्यांच्यावरच चाललंय.

तरुणांपासून सुरुवात केली. मी स्वतः मिसरोदला राहते. तिथे मंडीदीपच्या कारखान्यांत जाणारी मुलंमुली पुष्कळ, त्यामुळे लांब जावं लागलं नाही. ही मुलं माझ्यापाशी मोकळी बोलली. एकजण म्हणाला, "रील के लिए बढ़िया है, मैम, रोज़ ऑफ़िस कौन ले जाएगा." एका मुलीच्या घरी तिच्या वडिलांची गाडी झाकून ठेवलेली होती. तिने मला कव्हर काढून दाखवलं, आरशावर हात फिरवला आणि म्हणाली, "सुंदर है. पर मुझसे स्टैंड से ही नहीं उतरती. पापा की गाड़ी है, पापा ही सँभालें." बहुतेकांचा सूर तोच. आवडते, पण जड आहे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "भारी है" हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्या दोन वाक्यांतच येत होते, आणि त्यात त्यांना काहीही वाटत नव्हतं. कोवळ्या वयाच्या, काटक मुलांना गाडी जड म्हणायला अजिबात लाज नव्हती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा नागपूरहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि पहिली मोठी खरेदी म्हणून ही गाडी घेतली. आम्ही चौघं तिच्यावरून फिरलो. टाकीवर मी, मागे आई, आईच्या मांडीवर भाऊ. भाऊ परदेशात गेला, कारखान्यातून बाबा निवृत्त झाले, गाडी राहिली. दोन वर्षांपूर्वी अंगणात ती एका बाजूला कलली आणि बाबांना सावरता आली नाही. त्यांनी ती पाडली नाही. झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी हळूहळू आडवी केली आणि शेजाऱ्यांचा ड्रायव्हर येईपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. फरशी निसरडी होती, म्हणाले. फरशी कोरडी ठणठणीत होती, आईने मला नंतर सांगितलं. तेव्हापासून बँकेत रिक्षा, भाजीला पायी. गाडी फक्त रविवारी.

त्यांच्या मित्रांपैकी एक प्राध्यापक शाहपुऱ्याला राहतात. त्यांनी गुडघ्यांमुळे गाडी विकून टाकली. तळं त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण नंतर ते तळ्यावरही जाईनासे झाले. आपण भेटायला गेलं की खिडकीजवळ बसलेले असतात आणि आपण कसे आलो, रस्त्यात गर्दी होती का, एवढंच विचारतात. आई एकदा ते पाहून आली आणि कणीक मळता मळता मला म्हणाली, "ह्यांची गाडी सुटली ना, की हे पण असेच खिडकीत बसतील. मला काही त्या गाडीचं कौतुक नाही. मेली इतका धूर करते. पण रविवारी परत येतात तेव्हा माझ्याशी बोलतात. बाकी दिवस पेपर."

मला आई अशी कधी बोलल्याचं आठवत नाही. ती तक्रार करते, पण घाबरत नाही. त्या दिवशी घाबरलेली होती. म्हणून त्या कागदावरच्या हलक्या गाडीत माझा जीव अडकला. माझ्या धंद्यात असं होऊ द्यायचं नसतं. अमुकच उत्तर यावं अशी इच्छा धरली, की प्रश्न वाकडा विचारला जातो. मी स्वतःला बजावलं आणि तरी मनातून म्हणतच राहिले, की म्हाताऱ्यांनो, हो म्हणा.

जुन्या गिऱ्हाइकांची बैठक शाहपुऱ्याच्या एका हॉटेलात ठरली. शोरूमच्या मालकाने माणसं गोळा केली आणि त्यांत बाबांना घातलं. मी म्हटलं, नात्यातलं माणूस चालत नाही. तो म्हणाला, "मैडम, वो नहीं आएँगे तो कोई नहीं आएगा." मग मी बाबांना सांगितलं, की तिथे मी तुमची मुलगी नाही. ते म्हणाले, बरं. आणि खरंच, त्यांनी माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं.

मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून आली होती. मी विचारत गेले आणि ते भरभरून बोलत गेले. शुगरच्या गोळ्या, डोळ्यांची ऑपरेशनं, सुनांची बोलणी, सगळं सांगितलं. माणसं इतकी खुली बोलायला लागली, की मला बरं वाटतं. मग मी सहज सुरात विचारलं, गाडीच्या वजनाचं काय? मागे घेताना, वळवताना, स्टँडवर चढवताना काही अडचण?

खोलीत एकदम शिस्त आली. सुभेदारसाहेबांनी खुर्चीत पाठ ताठ केली.

"वज़न? वज़न ही तो गाड़ी है. वज़न कम करके क्या स्कूटी चलवाओगी हमसे?"

सगळे हसले. एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, की हलकी गाडी रस्ता सोडते. दुसऱ्या कोणी सांगितलं, की वजनामुळेच तर व्यायाम होतो. मग बाबांची पाळी आली. ते माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर नजर ठेवून म्हणाले, "मुझे तो कभी भारी नहीं लगी. हल्की बनाई तो मैं नहीं लूँगा."

मला इतका राग आला, की हातातलं पेन मी दुसऱ्या हातात घेतलं आणि परत पहिल्या हातात घेतलं. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते. दिवसातून किती वेळा दात घासता, असं विचारलं तर सगळं भोपाळ दोनदा घासतं. पण आपल्याच बापाने आपल्या तोंडावर, त्याच्याच सोयीची गाडी मोडीत काढावी, हे माझ्याच्याने सहन होईना. ज्यांना शुगर सांगायला लाज वाटली नाही, त्यांना एवढ्या एका गोष्टीची लाज का वाटावी? परत येताना स्कूटरवर मी हाच विचार करत होते आणि एक वळण चुकले.

नियम असा, की लोक जे बोलले तेच लिहायचं. मी लिहिलं. आठवड्याभरात साहेबाचा फोन आला. बाकी शहरांतूनही जुन्या गिऱ्हाइकांनी असंच सांगितलंय, म्हणाला. वजन हीच आमची ओळख आहे असं दिसतंय. हलक्या गाडीचा विचार बहुतेक आम्ही सोडून देऊ.

त्या रविवारी मी कोटऱ्याहून बाबांच्या मागोमाग निघाले. त्यांना न सांगता, स्कूटरवरून, बरंच अंतर ठेवून. का, ते मला नीट सांगता येणार नाही. उत्तर चुकीचं आहे हे माहीत असलं, की मी प्रश्न सोडून माणूस बघायला लागते, एवढंच.

ते ओळीने जात होते. सुंदर दिसत होते, हे मान्य करायला हवं. चांगल्या टपऱ्या एकेक करून मागे पडल्या. त्या केरव्याच्या रस्त्यावरच्या टपरीशी पोचल्यावर गाड्या डावीकडे वळल्या. मी लांब झाडाखाली थांबले आणि बघत राहिले. विटांचा ढीग होता तसाच होता. चहावाला हात जोडत होता. गाड्या टपरीकडे तोंड करून एका ओळीत लागल्या, इंजिनं बंद झाली, माणसं बाकावर बसली. यात विशेष काय? मला काहीच दिसेना.

दिसलं ते निघताना. सुभेदारसाहेब पहिले उठले. गाडीवर बसले, स्टँड पायाने सारला, क्लच दाबला, आणि काहीही न करता बसून राहिले. गाडी आपली आपण मागे यायला लागली. हळू, डौलात. त्यांनी फक्त हँडल वळवलं, गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि ते निघाले. मग बँक मॅनेजर. मग बाबा. एकाच्याही पायाने जमिनीला रेटा दिला नाही.

ते गेल्यावर मी जाऊन जमीन बघितली. रस्त्यापासून टपरीकडे मुरमाचा छान चढ होता. गाडी इंजिनाच्या जोरावर वर चढवायची, आणि जाताना उतार तिला मागे आणून देतो. वाटेतल्या प्रत्येक टपरीपुढे सपाट फुटपाथ होता किंवा रस्त्याहून खाली गेलेली जमीन. या सगळ्या माणसांनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, अख्ख्या भोपाळमधून ही एक जागा शोधून काढली होती, आणि तिच्यासाठी इतकी वर्षं तो चहा पीत होते. मी तिथे उभी राहून हसले. मग हसू थांबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. चहावाला माझ्याकडे बघत होता. मी कधी वाकून चढ बघत होते, कधी बाजूला जाऊन, कधी मोबाईलवर फोटो काढत होते. त्याला काय वाटलं असेल, याचा मी विचार केला नाही.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं.

"बाबा, तुम्ही गाडी चढावरच का लावता?"

"कसला चढ?"

"टपरीपुढचा."

"असेल. जागा असते तिथे लावतो." पेपर वर गेला. "तू लोकांच्या मागे फिरतेस का आता?"

"तुम्ही त्या दिवशी हॉटेलात सांगितलंत ते खरं नव्हतं."

"तुला उत्तर मिळालं ना? मग ते लिही. प्रश्न तुझे, उत्तरं आमची." पेपराच्या मागून एवढंच आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला मानेनेच सांगितलं, की पुरे.

सोमवारी मी साहेबाला फोन केला. म्हटलं, मी पाठवलेली उत्तरं बरोबर आहेत, पण ती खरी नाहीत. तो म्हणाला, पुरावा काय? मी म्हटलं, एक चढ. मग मी सगळं सांगितलं, फोटो पाठवले. दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मग निरोप आला, की ज्यांनी हलकी गाडी आखलीय त्या इंजिनियर बाई स्वतः बघायला येतायत. काय दिसतं त्यावर शेवटचं ठरवू.

बाई म्हणजे तिशीतली मुलगी निघाली. पुण्याची. मला ताई म्हणायला लागली. त्या गाडीवर तिने बरंच काम केलं होतं आणि ती बंद होणार म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त चिडलेली होती. रविवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवून केरव्याच्या रस्त्याला नेलं. मंडळींच्या आधी पोचायचं, एका बाकावर बसायचं आणि गप्प बघायचं, असं ठरलं होतं.

टपरीपुढे चढ नव्हता.

लाल आणि करड्या रंगाचे ब्लॉक बसवून सगळी जागा पक्की केली होती. कडेला पिवळा पट्टाही मारला होता. मी स्कूटरवरून उतरायचंही विसरले. चहावाला धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"देखिए दीदी, आपने तो कुछ कहा नहीं, पर उस दिन आप ज़मीन को जैसे देख रही थीं, मैं शर्म से गड़ गया. इतने बुज़ुर्ग लोग आते हैं और मैं उनसे ढलान पे गाड़ी लगवाता हूँ. इसी हफ़्ते सब बराबर करवा दिया. और पानी सड़क पे न जाए, इसलिए मिस्त्री से ढाल पीछे नाली की तरफ़ दिलवाई."

त्या पुण्याच्या मुलीने खिशातून पेन काढून ब्लॉकांवर ठेवलं. पेन घरंगळत टपरीच्या पायरीला जाऊन लागलं. म्हणजे जमीन सपाटही नव्हती. ती आता उलट्या बाजूला उतरत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आता हे कसे निघणार?" मी काही बोलायच्या आत आवाज ऐकू आला. गाड्या पुलाकडून येत होत्या.

ते नेहमीसारखे वळले, नेहमीसारखे ओळीने आत आले आणि टपरीकडे तोंड करून उभे राहिले. पुढची चाकं खाली गेली. सुभेदारसाहेबांना थांबता थांबता कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. बाबांनाही कळलं. पण तोपर्यंत इंजिनं बंद झाली होती आणि चहावाला हात जोडून उभा होता.

"बहुत बढ़िया कराया," सुभेदारसाहेब म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कोणी ब्लॉकांच्या रंगाची तारीफ केली. बाबांनी मला पाहिलं, भुवया वर केल्या. मी म्हटलं, ही माझी पुण्याची मैत्रीण, तिला केरव्याचं धरण दाखवायला आणलंय. ते म्हणाले, छान.

चहा झाला. पोहे झाले. परत चहा झाला. एरवी या वेळेला ते निघतात, पण कोणी उठेना. बँक मॅनेजरांनी पेन्शनचा विषय काढला आणि तो नको इतका लांबवला. सुभेदारसाहेबांनी सीमेवरची एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आल्या आल्याच सांगितली होती, आणि सगळ्यांनी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. चहावाल्याला वाटलं, की जागा चांगली झाली म्हणून मंडळी रमलीत. त्याने न सांगता आणखी चहा आणला. ऊन बाकावर आलं. कुणीही गाड्यांकडे बघत नव्हतं. आईचा बाबांना फोन आला. "निघतोच आहोत," ते म्हणाले आणि बसून राहिले.

आधी मला हे सगळं फार रंजक वाटत होतं. कोण आधी उठेल, काय निमित्त काढेल, याचा मी अंदाज बांधत होते. मग बाबांचा हात दिसला. ते रिकामा ग्लास बाकावर गोल गोल फिरवत होते, आणि त्यांच्या मानेला घाम आला होता. मला एकदम नकोसं झालं. वाटलं, आपण कशाला ती जमीन बघायला गेलो? जे इतकी वर्षं सुखाने चाललं होतं त्याला आपण हात लावला. मी उठले. मनात म्हटलं, गाडी मीच मागे ओढते, काहीतरी बहाणा सांगेन.

बाबांनी बसल्या जागी तळहात दाखवला. थांब.

ते उठले, गाडीवर बसले, स्टँड सारला. दोन्ही पाय रोवून मागे रेटा दिला. गाडी थोडी मागे आली आणि परत पुढे गेली. चाक पायरीला लागलं. त्यांनी परत रेटा दिला. परत तेच. सुभेदारसाहेब ग्लासात बघत होते. सगळेच आपापल्या ग्लासात बघत होते. तिसऱ्यांदा बाबांचा गुडघा वाकला आणि गाडी कलायला लागली, पण त्यांनी ती सावरली. तशीच धरून ते थोडा वेळ थांबले. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे बघितलं.

"तुम्ही कंपनीच्या ना?" ते मराठीत म्हणाले. "आल्यापासून माणसं सोडून गाड्याच बघताय."

ती उभी राहिली. "हो, काका."

"जरा मागून ओढा. मला ही मागे घेता येत नाही." आणि मग, तिने हात लावायच्या आत, "त्या हॉटेलात मी खोटं सांगितलं. ही मला जड झालीय. बरेच दिवस झाले."

"क्या कह रहे हैं आप?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे वळून हिंदीत सांगितलं. "कह रहा हूँ, भारी है. मुझसे नहीं होती अब."

चहावाल्याने हातातली किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता कोणी हसलं तर बाबा परत कधी यांच्यात येणार नाहीत. आईला भीती होती तसे खिडकीत जाऊन बसतील, आणि ते माझ्यामुळे झालेलं असेल. सुभेदारसाहेब उठले. पँट झटकली. बाबांच्या गाडीच्या मागे जाऊन त्यांनी कॅरियर धरलं.

"बहुत भारी है, यार," ते म्हणाले. "मैं तो डेढ़ साल से बीवी से झूठ बोल रहा हूँ कि बैटरी डाउन है."

मग सगळेच उठले. ती मुलगी आणि सुभेदारसाहेब मागून ओढत होते, बँक मॅनेजर पुढून ढकलत होते, आणि बाबा वर बसून हँडल धरून होते. गाडी रस्त्यावर आली. मग दुसरी, मग तिसरी. जो उतरेल तो पुढच्याच्या मागे जाऊन उभा राहत होता. सगळे एकदम बोलत होते. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कोण कुठे कसा अडकला आणि कुणाला हाक मारावी लागली. बैठकीत मी तासभर विचारूनही न मिळालेलं सगळं त्या पिवळ्या पट्ट्यावर उभं राहून ते आपणहून सांगत होते, आणि मला लिहून घ्यायचंही भान नव्हतं.

चहावाला रडवेला झाला होता. त्याला सुभेदारसाहेबांनी समजावलं, की फ़र्श अव्वल आहे, दोष गाडीचा आहे. त्याने पैसे घ्यायचं नाकारलं, आणि वर जाता जाता सगळ्यांना एकेक ग्लास आणखी दिला. त्या मुलीच्याही हातात दिला.

ती बाबांपाशी गेली. "काका, हलकी केली तर घ्याल? खरं सांगा."

"घेईन."

"मी परत जाऊन सांगते. ऐकतील असं वाटतंय. पण मंजूर झाली तरी रस्त्यावर यायला चार-पाच वर्षं लागतात."

बाबा गाडीवर बसलेले होते. त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला, तो नीट बसला का ते बोटाने बघितलं, आणि मग तिच्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"मग तुम्ही अजून इथे चहा काय पीत बसलात?" ते म्हणाले.